दोन तासांचं पॅचवर्क असलं तरी ट्रॅफिक नीट सांभाळा

खड्डे बुजवायचं काम दोन-तीन तासांचंच आहे म्हणून कितीतरी ठिकाणी एक झाडाची फांदी आणि चार दगड ठेवून माणसं कामाला लावतात, हे बघवत नाही. ताशी ६० ने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, बोर्ड दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरले तरी ४० मीटर संपले आणि ब्रेक लागायचा अजून बाकीच आहे, मग खड्ड्याजवळच्या फांदीचा उपयोग काय?

आयआरसी एसपी ५५ मध्ये, म्हणजे रस्त्याचं काम चालू असताना ट्रॅफिक कसं सांभाळायचं याच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत, जागेचे चार भाग सांगितलेत: आधी सूचना, मग गाड्या वळवायची जागा, मग काम, आणि शेवटी परत आपल्या लेनमध्ये यायची जागा. दोन पदरी रस्त्यावर ‘काम चालू आहे’ चा पहिला बोर्ड दोन-तीनशे मीटर आधी लावा आणि दोन्ही बाजूंनी लावा, वळण किंवा चढ असेल तर त्याच्याही अलीकडे, नाहीतर चढ संपला की गाडी थेट तुमच्या अंगावर. ट्रॅफिकचे प्लास्टिकचे कोन आडवे एका रेषेत नको, तिरके, हळूहळू आत येत जाणारे ठेवा. शेवटचा कोन आणि काम करणारी माणसं यांच्यामधली जागा पूर्ण रिकामी पाहिजे, तिथे खडीचा ढीग नको, बाइक नको, चहा प्यायला बसणं तर अजिबात नको, कारण कोन उडवून आलेली गाडी थांबायला तेवढीच जागा आहे.

लावताना आधी लांबचा बोर्ड, मग कामाकडे येत येत बाकीचं, आणि काढताना बरोबर उलटं, लांबचा बोर्ड सगळ्यात शेवटी.

एकच लेन उघडी असेल तर दोन टोकांना दोन झेंडेवाले लागतात, आणि त्यांना एकमेकं दिसत नसतील तर मध्ये तिसरा माणूस द्या किंवा वॉकीटॉकी. सोडलेल्या शेवटच्या गाडीचा नंबर समोरच्याला सांगायचा, ती गाडी पोचल्याशिवाय त्याने आपली बाजू सोडायचीच नाही, ही पद्धत साधी आहे पण समोरासमोर गाड्या अडकत नाहीत. बाइकवाले कडेने घुसतातच, त्यांनाही थांबवा. झेंडेवाल्याने साइडपट्टीवर उभं राहायचं, तोंड गाड्यांकडे, मोबाइल खिशात, अंगात रेडियमचं जाकीट. आणि कृपा करून नवीन पोराला पहिल्याच दिवशी झेंडा देऊन उभं करू नका, त्या जागी सगळ्यात अनुभवी माणूस पाहिजे.

ऊस तोडणीच्या दिवसांत उघडी लेन जरा जास्तच रुंद ठेवा, ट्रॉलीतला ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. गावाच्या बाजाराच्या दिवशी आणि शाळा सुटायच्या वेळी काम धरूच नका.

अंधार पडायच्या आत आवरा. खड्डा उघडा राहिलाच तर रेडियम पट्टीचे बॅरिकेड, लुकलुकणारे दिवे आणि रात्रभर एक माणूस, यात कुठेही पैसे वाचवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ मध्ये सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आलं तर ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे, ठेकेदार खर्चाला कुरकुर करायला लागला तर त्याला हे कलम दाखवा. जाताना सांडलेली बारीक खडी झाडून घ्या, त्यावरून बाइक घसरते, आणि आडोशाला ठेवलेले दगड कोणी रस्त्यावर सोडले नाहीत ना हे सुपरवायझरने स्वतः चालत जाऊन बघायचं.