जॉर्डन: वाळवंट ओलांडून समुद्रात उतरताना या चुका टाळा

तांबड्या समुद्रावरच्या अकाबा शहरातल्या पहिल्या सकाळी आमच्या धाकटीने मास्क लावला, तोंड पाण्यात घातलं आणि लगेच रडत बाहेर आली. आम्ही आधी मास्कला दोष दिला, मग नळीला. खरं कारण आदल्या दिवसाचं होतं: रात्रभर विमान, दिवसभर गाडी, जेवण म्हणून चिप्स, पाणी घोटभर. स्नॉर्केलिंगमधल्या, म्हणजे मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघण्यातल्या, आमच्या बहुतेक अडचणी रस्त्यावरच तयार झाल्या होत्या, म्हणून आधी रस्त्याचं.

उतरलो की थेट अकाबा

अम्मान ते अकाबा साधारण 330 किलोमीटर. अम्मानचा क्वीन आलिया विमानतळ अकाबाला जाणाऱ्या डेझर्ट हायवेच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे हा मोह हटकून होतो. नकाशा चार तास सांगतो. मुलं आणि सासू-सासरे बरोबर असले की सहा धरा. शिवाय हिवाळ्यात सहाच्या आत-बाहेर अंधार पडतो. अंधारात या रस्त्यावर गाडी चालवू नका. उंट रस्त्यावर येतात, आणि उंटाचे पाय लांब असल्यामुळे धडक बसली की त्याचं धड बॉनेटवरून सरळ काचेवर येतं. पहिली रात्र अम्मानला किंवा पेट्राजवळ काढा.

गाडी उजवीकडून चालवायची, स्टिअरिंग डावीकडे. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. त्यामुळे पहिला दिवसभर आमचा प्रत्येक वळणावर वायपर चालू! हसण्यावारी नेलं तरी चालेल, पण एक माणूस पुढच्या सीटवर जागा राहून 'उजवीकडून, उजवीकडून' म्हणणारा हवाच. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधी आरटीओतून काढून ठेवा. वस्तीजवळ गतिरोधक अचानक येतात, पुष्कळदा पाटीशिवाय. तिथे त्यांना 'मतब' म्हणतात. आम्ही पहिल्याच मतबवर डबा उघडा पडून चिवडा गाडीभर केला.

फोटोसाठी कडेला घेतलेली गाडी

ही चूक आमचीच. उंटांचा कळप दिसला, गाडी डांबरावरून खाली घेतली, आणि पुढची चाकं मऊ वाळूत बसली. नवऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. तेच करायचं नसतं. चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. थांबा, सगळ्यांना खाली उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, पायाखालची मॅट चाकाखाली सारा आणि हळूच गाडी हलवा. जमलं नाही तर टायरमधली थोडी हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड येते. मात्र नंतर हवा भरल्याशिवाय हायवेवर वेग घ्यायचा नाही. आम्हाला शेवटी एका पिकअपवाल्याने दोर बांधून ओढलं आणि वर चहाही पाजला.

त्यामुळे वाडी रमच्या वाळवंटात भाड्याची गाडी वाळूत घालण्याचा विचारही नको. रम गावात गाडी ठेवा आणि बदूंच्या, म्हणजे तिथल्या वाळवंटी जमातीच्या लोकांच्या, फोर बाय फोरने आत जा. भाड्याच्या गाडीचा विमा डांबर सोडल्यावर सहसा लागू होत नाही, हे करार सही करण्याआधी वाचा.

अकाबाच्या वाटेवर रास अन-नकबचा घाट लागतो, त्याच्या उतारावर मालट्रक असतात. इथे सतत ब्रेक दाबत राहिलं की ब्रेक तापतात. आपल्या घाटातल्यासारखा खालचा गिअर टाका. आणि पाणी माणशी तीन लिटर तरी गाडीत ठेवा. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, म्हणून तहानही उशिरा कळते. दुसऱ्या दिवशी पाण्यात डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो, 'समुद्र लागला'.

पाण्यात

आमच्याकडे सासऱ्यांना सगळ्यात जास्त आत्मविश्वास, कारण ते लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. अडचण नेमकी तिथेच आली. विहिरीतला पोहणारा मान वर ठेवून हातपाय मारतो; इथे मान खाली टाकून निवांत पडायचं असतं. तांबड्या समुद्राचं पाणी आपल्या समुद्रापेक्षा खारट, त्यामुळे अंग सहज तरंगतं. लाइफ जॅकेट तरीही घालाच. मालवणला होडीतून नेऊन रिंग धरून ठेवणारा माणूस असतो. अकाबाच्या दक्षिण किनाऱ्यावर तुम्ही चालत पाण्यात शिरता आणि धरायला कोणी नसतं. म्हणून पहिली पंधरा मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात फक्त नळीतून श्वास घ्यायचा सराव करा. धाकटीचं रडणं तसंच थांबलं, दुसऱ्या दिवशी, पोटभर झोपल्यावर.

मास्कमध्ये पाणी शिरतं? पट्टा आवळू नका, आवळल्यावर कड दुमडते आणि जास्तच शिरतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास ओढा. चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली केस अडकलेत का बघा. मिशा असतील तर थोडं पाणी येणारच. व्हॅसलिनचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याने रबर खराब होतं. सिलिकॉन ग्रीस वापरा. काच धूसर होत असेल आणि मास्क नवा असेल तर आतून पांढरी टूथपेस्ट चोळून धुवा. कारखान्यातला थर निघतो. पुढे थुंकी पुरते, सासूबाईंनी कितीही 'शी' म्हटलं तरी.

नळीत पाणी आलं की जोरात फुंकर मारा. घाबरायला झालं तर उताणे व्हा, नळी काढा. 'सगळं ठीक' म्हणून अंगठा दाखवू नका. डायव्हिंगच्या खुणांत त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो.

वारा बहुतेक उत्तरेकडून असतो. पोहायला सुरुवात वारा समोरून तोंडावर येईल अशा दिशेने करा, म्हणजे दमल्यावर तोच परत आणतो. आम्ही उलटं केलं आणि ओल्या पायांनी गरम वाळूतून चालत आलो.

पायात पाण्यातले बूट हवेत. काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन हे समुद्री प्राणी उथळातच असतात. काटा घुसला तर दिसणारा चिमट्याने काढा, पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, आतला खोदत बसू नका. प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो दगड नसून जिवंत प्राणी आहे, आणि इथला किनारा संरक्षित आहे. उन्हाने पाठच आधी भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला.

तिसऱ्या दिवशी 1999 मध्ये मुद्दाम बुडवलेला लष्करी रणगाडा पाहिला. तो इतक्या उथळात आहे की आपण वर तरंगता तरंगताच दिसतो. सासरे मिशांतून आलेलं पाणी दर दोन मिनिटांनी ओतून टाकत होते आणि पुन्हा तोंड खाली घालत होते.