रिकव्हरीसाठी जडीबुटी घेताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव करणारी पोरं "पाय भरून आले" म्हणतात आणि सरळ इतवारीतून अश्वगंधेची पुडी आणतात. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तासाभरात किलोभर वजन नुसत्या घामात जाऊ शकतं. ते पाणी आणि मीठ भरून निघालं नाही, तर कुठलंही चूर्ण थकवा काढणार नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, लिंबूसरबत किंवा मीठ घातलेलं ताक थोडं थोडं प्या. मग झोप आणि पोटभर वरण-भात, अंडी, दही. पुडीचा विचार त्यानंतर.

अश्वगंधेत चूक होते ती मापाची. साध्या मुळाच्या चूर्णाची पारंपरिक मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. ताकद आणि रिकव्हरी यांवरच्या एका अभ्यासात फायदा दिसला तो मुळाच्या अर्काने, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सलग ८ आठवडे. अर्काची कॅप्सूल आणि चूर्ण यांचं माप एक नाही, हे लक्षात न घेता दोन्ही एकदम घेणारे खूप आहेत. चार दिवसांत फरक नाही म्हणून मात्रा वाढवू नका. थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

हळदीचं दूध खुशाल प्या. पण हळदीत कर्क्युमिन (तिचा गुणकारी घटक) साधारण ३ टक्केच असतं आणि शरीर ते फार कमी शोषतं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपेरिन घालतात. अशा कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर या कॅप्सूल टाळाच.

लघवीचा रंग सगळ्यांनी बघावा, असं मला कळकळीने वाटतं. गडद पिवळी असेल आणि पाणी प्यायल्यावर निवळत असेल, तर पाणी कमी पडलं होतं. कोका-कोलासारखी काळपट, सोबत स्नायू सुजलेले आणि असह्य दुखणारे, तर स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात येत असू शकतात. मूत्रपिंडाला धोका असतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं दुखणं दाबायला वेदनाशामक गोळी घेणं आणखी वाईट. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज असेल तर सगळ्या पुड्या बंद करा आणि यकृताची तपासणी करून घ्या. साधं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं, मग उतरतं.

राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांनो, "आयुर्वेदिक आहे, चालतं" हे कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. कुचल्याच्या विषारी बीतलं स्ट्रिकनीन आणि भांगेतलं नशा आणणारं टीएचसी हे दोन्ही 'वाडा' या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या यादीनुसार स्पर्धेच्या काळात बंदी असलेले पदार्थ आहेत. काही आयुर्वेदिक औषधांत कुचला शोधित करून घालतात, भांग 'विजया' या नावाने येते. सोमलता या वनस्पतीतलं उत्तेजक इफेड्रिनही ठरावीक मर्यादेपुढे चालत नाही. नमुन्यात सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच, दुकानदाराची नाही. यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते, त्यामुळे मागच्या वर्षी चाललेलं यंदा पुन्हा तपासा. घटक छापलेले नसतील ती सुटी पुडी घेऊ नका. डब्याचा फोटो, बॅच नंबर आणि बिल जपून ठेवा, आणि डोपिंग चाचणीच्या फॉर्मवर अलीकडे घेतलेलं प्रत्येक औषध, चूर्णासकट, लिहा.