कारखान्याचा ईमेल क्लाउडवर कसा न्यावा

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्या नाहीतर चाटी गल्लीतली कापडाची पेढी. बाहेर पाटी कंपनीच्या नावाची आणि व्हिजिटिंग कार्डावर मात्र मुनीमजींच्या नावाचा फुकटचा जीमेल, हे आजही सर्रास दिसते. मुनीमजी दुसरीकडे गेले की पार्टीशी ठरलेले दर, मंजूर सॅम्पलचे फोटो, जुन्या ऑर्डरी सगळे त्यांच्या मोबाईलबरोबर जाते. शिवाय फुकटच्या खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीच जागा असते. डिझाइनच्या फोटोंनी ती भरली की येणारा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

क्लाउड ईमेल सेवेत मेल आपल्या कॉम्प्युटरवर नव्हे तर सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतो, पत्ता आपल्या कंपनीच्या नावाचा असतो आणि पैसे माणशी, महिन्याच्या हिशेबाने मोजायचे असतात. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि झोहो मेल ही आपल्याकडची नेहमीची तीन नावे. ऑफिस आउटलुक-एक्सेलवर चालत असेल तर मायक्रोसॉफ्ट, सगळे मोबाईलवर जीमेल वापरत असतील तर गूगल, फक्त मेल हवा आणि हात आखडता असेल तर झोहो. निवडीवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका. खरे घोळ पुढे होतात.

पहिली पायरी: डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा

डोमेन म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे कंपनीचे नाव. वेबसाइट करून देणाऱ्याने बऱ्याचदा ते स्वतःच्याच खात्यातून घेतलेले असते. त्याच्याशी वाजले किंवा त्याने फोन उचलणे बंद केले की तुमचे नाव त्याच्या ताब्यात. म्हणून आधी रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन जिथून विकत घेतले त्या कंपनीचे, लॉगिन मागून घ्या. त्यात मालक म्हणून कंपनीचे नाव आणि मालकाचाच मोबाईल आहे का ते तपासा, ऑटो-रिन्यूअल चालू करा. या खात्याला मात्र कंपनीच्या डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली तर तो मेलही बंद पडतो आणि आठवण करून देणारी सूचना तिथेच अडकते.

दुसरी पायरी: पेट्या मोजा, माणसे नव्हे

ऑफिसात आठ जण बसतात म्हणून आठ खाती घ्यायची गरज नाही. मालक, अकाउंट्स, सेल्स किंवा एक्स्पोर्ट, डिस्पॅच अशा चार पेट्यांवर (मेलबॉक्सवर) मध्यम कारखाना आरामात चालतो. ‘इन्फो’, ‘पर्चेस’ हे पत्ते एलियस, म्हणजे त्याच पेटीचे जादा पत्ते, म्हणून फुकट जोडता येतात. गूगलमध्ये एका खात्याला ३० एलियस मिळतात. एकच पत्ता तिघांनी बघायचा असेल तर मायक्रोसॉफ्टची शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत वेगळ्या लायसन्सशिवाय चालते; गूगलमध्ये तेच काम ग्रुपवर होते. एकच पासवर्ड तिघांना देणे हा उपाय नव्हे. चुकीचा दर कोणी पाठवला, ते मग कधीच कळत नाही.

खरेदी करताना बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर घाला. या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. नंबर नसेल तर क्रेडिट घेताना अडचण येते.

तिसरी पायरी: जुना मेल कुठे आहे ते शोधा

जुने आउटलुक पॉप पद्धतीने जोडलेले असेल तर मेल सर्व्हरवरून उतरून त्या एका कॉम्प्युटरवरच्या पीएसटी फाइलमध्ये बसलेला असतो. सर्व्हरवरून स्थलांतर केले तर फक्त अलीकडचे मेल येतात आणि दहा वर्षांचा पत्रव्यवहार अकाउंटंटच्या टेबलाखालच्या डब्यात राहतो. आधी पीएसटीची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या, मग नव्या सेवेच्या आयात टूलने चढवा. फाइल मोठी असेल तर रात्री लावून ठेवा.

चौथी पायरी: डीएनएस

डीएनएस म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि मेल कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंदवही. इथे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. नव्या सेवेत सगळ्या पेट्या आधी तयार करा. बदलाच्या आदल्या दिवशी डीएनएसमधला टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, ३०० सेकंदांवर आणा. मग जुने एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचा ते सांगणाऱ्या नोंदी) काढून नवे टाका. ते हाताने टाइप न करता सेवेच्या सेटअप पानावरून कॉपी करा. जुनी होस्टिंग, म्हणजे वेबसाइट आणि जुना मेल ठेवणारी सेवा, लगेच बंद करू नका. दोन-तीन दिवस काही मेल तिकडेही पडू शकतात, म्हणून दोन्हीकडे बघत राहा. हे काम शनिवारी संध्याकाळी करा किंवा संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत उरका. दिवाळीच्या मालाच्या घाईत हात लावू नका.

मेल येऊ लागला म्हणजे काम झाले असे समजून बरेच जण इथेच थांबतात. पण आपला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ नये यासाठी तीन रेकॉर्ड लागतात. एसपीएफ सांगतो की या नावाने मेल पाठवायला कोणत्या सर्व्हरला मुभा आहे. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करतो. या दोन्हींत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते डीमार्क सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू दोघांनीही याबाबतीत कडक धोरण घेतले आहे. रोज ५,००० पेक्षा जास्त मेल जीमेल खात्यांना पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत, पण लहान पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतेच.

यात नेहमी होणारी चूक म्हणजे दोन एसपीएफ. होस्टिंगवाल्याचा एक आधीच असतो, सेटअप करणारा दुसरा टाकतो. एका डोमेनला एकच चालतो. दोन झाले की दोन्ही निकामी. दोन्ही सेवांची नावे एकाच ओळीत घ्या. डीमार्क सुरुवातीला ‘नन’वर (नापास मेलला काहीच करू नका) ठेवा, अहवाल बघा आणि सगळे मेल पास होत असतील तर महिन्याभराने ‘क्वारंटाइन’ (नापास मेल स्पॅममध्ये टाका) करा.

आणखी एक छुपा घोळ: वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचे मेल अचानक येईनासे होतात. होस्टिंगला वाटते पेटी अजून आपल्याकडेच आहे, म्हणून ती मेल बाहेर न सोडता स्वतःकडेच ठेवते. सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या सेटिंगच्या पानावर) ईमेल राउटिंग ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ केले की सुटते.

सगळे चालू झाल्यावर डीएनएसच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे कोणी वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर नेताना नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलला की हे सगळे रेकॉर्ड उडतात आणि मेल बंद. तेव्हा हाच स्क्रीनशॉट कामाला येतो.

पाचवी पायरी: कुलपे आणि जोडण्या

प्रत्येक खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन सक्तीचे करा. अॅडमिन खाती दोन ठेवा, दोन्हींचे बॅकअप कोड छापून तिजोरीत. गूगल वापरत असाल तर त्यानंतर टॅलीमधून बिल मेल होत नाही किंवा स्कॅनरचा मेल जात नाही अशी तक्रार येईल, कारण तिथे साधा पासवर्ड चालत नाही. खात्यात त्या प्रोग्रामपुरता १६ अक्षरी अॅप पासवर्ड तयार करून तो तिथे टाका. आउटलुक आता आयमॅपने जोडा, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो; पॉपने नको.

गूगलमध्ये अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे, पण पाठवताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते; त्यामुळे १८ एमबीच्या पुढे भरवसा नाही. डिझाइनचे फोटो लिंकने पाठवा. परदेशी खरेदीदाराच्या ऑफिसात अशा लिंक बंद असू शकतात, त्यांना लहान पीडीएफ द्या.

नवा पत्ता पक्का झाला की जीएसटी पोर्टल, आयकर, उद्यम, बँक आणि निर्यात करत असाल तर डीजीएफटीवरच्या आयईसीमध्ये (आयात-निर्यात कोडमध्ये) तो बदला. जुना पत्ता राहिला तर ओटीपी तिकडे जातो आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला धावाधाव होते.

पैशाचे मेल

चोराला पासवर्ड मिळाला की तो लगेच काही करत नाही. आधी फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून तुमचा पत्रव्यवहार वाचत बसतो. कंटेनर निघाल्यावर, पेमेंटच्या वेळी, खरेदीदाराला ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल जातो. पत्ता हुबेहूब वाटतो: इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवले की घाईत फरक दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक खात्याचे फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर ठळक लिहा की खाते बदलल्याचे आम्ही मेलने कधीच कळवत नाही, फोन करून खात्री करा. पैसे गेलेच तर त्याच तासात बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी

हिशेब चुकता करण्याआधी त्याच्या पेटीचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, अॅप पासवर्ड काढून टाका. खाते लगेच उडवू नका. गूगलमध्ये उडवलेले खाते २० दिवसांत, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांतच परत आणता येते. सस्पेंड केलेल्या खात्याचेही भाडे चालूच राहते, तेव्हा आधी त्याचा मेल दुसऱ्या खात्यात हलवा, मगच जुने खाते काढून लायसन्स मोकळे करा आणि जुना पत्ता त्या दुसऱ्या खात्याला एलियस म्हणून द्या.