नॉर्थ्रप फ्राय यांची कागदपत्रं पाहायला जाताना

टोरंटोत व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या प्रॅट ग्रंथालयात कॅनडाचे साहित्यसमीक्षक नॉर्थ्रप फ्राय (१९१२–१९९१) यांची कागदपत्रं आहेत. इंग्रजी समीक्षेवर काम करणाऱ्याने ती जरूर पाहावीत, पण थेट जाऊन धडकू नये. आधी संग्रहाची यादी वाचा, खोका आणि फाइल क्रमांक टिपा, तेवढंच ईमेलने मागवा. ‘जे असेल ते दाखवा’ अशा पत्राने काहीच हाती लागत नाही.

फ्राय यांच्या वह्या तीस खंडांच्या समग्र लेखनात छापून आल्या आहेत. त्या घरीच वाचून जा, म्हणजे अक्षर लावणं सोपं जातं. बऱ्याच वह्यांवर तारीख नाही. संपादकांनी आतल्या उल्लेखांवरून काळ ठरवलाय.

वाचनकक्षात पेन्सिलच वापरा. एका वेळी एकच फाइल उघडा, क्रम मोडू नका. पत्रामागचं फालतू वाटणारं आमंत्रणही तिथेच राहू द्या. कधीकधी तारीख त्यावरूनच लागते. फोटोंना परवानगी असेल तर पहिला फोटो फाइलच्या लेबलचा.

माझा जीव मात्र त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांत अडकलाय. समासात टिपा केलेल्या प्रती तिथे जपल्या आहेत. मागताना ‘फ्राय यांची टिपा असलेली प्रत’ असं स्पष्ट लिहा. टिपेसोबत शेजारचा छापील उतारा, आवृत्ती, पान उतरवून घ्या. नुसत्या टिपेवरून ते कशाशी भांडतायत हे कळणार नाही.

यातलं काही छापायचं असेल तर हक्कांची परवानगी वेगळी मागा. फोटो काढू दिला म्हणजे ती मिळाली, असं होत नाही.