धंद्याच्या कागदांवर सवलतीत नवी हायब्रिड गाडी कशी घ्यावी: सोलापूरच्या छोट्या व्यावसायिकांसाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारा असो की चाटी गल्लीतला कापड दुकानदार, नवी गाडी घ्यायचं ठरलं की दोन सल्ले हमखास कानावर येतात. शोरूममधला सेल्समन म्हणतो, "शेठ, कंपनीच्या नावावर घ्या, कॉर्पोरेट डिस्काउंट बसवून देतो." शेजारचा दुकानदार सांगतो, "धंद्यावर घे, सगळा जीएसटी परत मिळतो." दुसरा सल्ला साफ चुकीचा आहे. पहिला निम्मा खरा आहे, पण उरलेला निम्मा लाख-दीड लाखाला पडू शकतो. म्हणून मॉडेल आणि रंग बघण्याआधी कागद कसे लावायचे ते ठरवा.

१. गाडी कुणाच्या नावावर, हे सगळ्यात आधी

महाराष्ट्रात नव्या खासगी गाडीचा रोड टॅक्स एकरकमी भरावा लागतो. पेट्रोल गाडी एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल तर किमतीप्रमाणे १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के. तीच गाडी कंपनीच्या नावावर नोंदवली तर दर २० टक्के. हायब्रिड म्हणून आपल्याकडे वेगळी सूट धरू नका. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा (काही अंतर नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचा) नोंदणी कर माफ केला, त्याच्या बातम्या अजून फिरतात, पण सोलापूरच्या एमएच १३ पाटीला त्याचा काही उपयोग नाही.

आता हिशेब मांडा. एक्स-शोरूम किंमत १८ लाख. स्वतःच्या नावावर टॅक्स २,१६,००० रुपये, कंपनीच्या नावावर ३,६०,०००. फरक १,४४,००० रुपयांचा. एवढा फरक भरून काढणारा कॉर्पोरेट डिस्काउंट या किमतीच्या गाडीवर मिळणं अवघड असतं.

प्रोप्रायटरशिप असेल तर वाट सोपी आहे. कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा एकच, पॅनही एकच. त्यामुळे गाडी स्वतःच्या नावावर नोंदवा आणि धंद्याच्या पुस्तकात मालमत्ता म्हणून दाखवा. कॉर्पोरेट योजनेसाठी बहुतेक वेळा धंद्याचा पुरावा लागतो. आरसी बुकावर फर्मचं नाव असलंच पाहिजे असं नसतं. सेल्समनला हाच प्रश्न सरळ विचारा: "उद्यम सर्टिफिकेट (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) देतो, गाडी माझ्या नावावर राहील, सूट बसते का?" बसत असेल तर तसं कोटेशनवर लिहून घ्या.

भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर मात्र बुकिंगच्या आधी सीएंसोबत बसा. भागीदाराच्या किंवा संचालकाच्या नावावर गाडी घेऊन ती फर्मच्या पुस्तकात दाखवायची असेल, तर पैसे फर्मच्या खात्यातून गेले पाहिजेत, ठराव किंवा पत्र तयार पाहिजे आणि वापर धंद्यासाठी आहे हे दाखवता आलं पाहिजे. हे कागद नंतर मागच्या तारखेने करायचे नसतात.

२. जीएसटी परत मिळत नाही, हे गृहीत धरूनच पुढे जा

हा गैरसमज सोलापुरात घट्ट बसलाय, त्याचं कारणही कळण्यासारखं आहे. माल वाहायला घेतलेल्या छोट्या हत्तीवरचा जीएसटी वजा मिळतो, मग कारवरचा का नाही, असं वाटतं. पण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे चालकासह १३ माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेला जीएसटी वजा करून घेणं, बंद आहे. अपवाद आहेत ते गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग स्कूलवाले यांना. टॉवेल विकणाऱ्याला नाही. त्या गाडीच्या विम्यावरचा आणि दुरुस्तीवरचा जीएसटीही वजा मिळत नाही.

बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकला तर ती रक्कम पोर्टलवर तुमच्या खात्यात दिसेल. दिसली म्हणून घ्यायची नाही. रिटर्न भरणाऱ्याला ती अपात्र दाखवायला सांगा, नाहीतर पुढे नोटीस आणि व्याज.

दर किती? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीवर लागणारा जादा सेस गेला. ४ मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची हायब्रिड १८ टक्क्यांत येते, बाकीच्या पेट्रोल हायब्रिड ४० टक्क्यांत. लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. ब्रेझा ४ मीटरच्या आत आहे, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी, इनोव्हा हायक्रॉस यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्याही ४० टक्क्यांतच.

३. खरा फायदा घसाऱ्यात

भरलेला जीएसटी आणि रोड टॅक्स गाडीच्या किमतीत मिळवता येतो आणि त्या रकमेवर दरवर्षी १५ टक्के घसारा (गाडी जुनी होत जाते तशी घटणारी किंमत) धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. वरच्या उदाहरणात १८ लाख (यात जीएसटी आलाच) अधिक २,१६,००० म्हणजे २०,१६,०००. पहिल्या पूर्ण वर्षाचा घसारा ३,०२,४००. गाडी तीन हिस्से धंद्याला आणि एक हिस्सा घरासाठी वापरत असाल तर २,२६,८०० मान्य होतील. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर त्या वर्षी साधारण ७० हजारांचा कर वाचतो. पुढच्या वर्षी उरलेल्या रकमेवर १५ टक्के, असं ते कमी होत जातं. कर्जाचं व्याज, विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग हेही त्याच प्रमाणात खर्चात धरता येतं.

हे ज्यांना लागू नाही त्यांनी नीट वाचावं. बरेच छोटे व्यावसायिक आयकराच्या ४४एडी कलमाखाली, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून रिटर्न भरतात. त्या पद्धतीत घसारा आधीच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. अशा माणसाने केवळ कर वाचवायचा म्हणून धंद्यावर गाडी घेण्यात अर्थ नाही. त्याने फक्त शोरूमची सूट पदरात पाडून घ्यावी. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदललेत, सीएंच्या तोंडी अजून ४४एडीच आहे.)

धंद्याचा वापर दाखवायला गाडीत एक साधी वही ठेवा. तारीख, कुठून कुठे, कुणाकडे, मीटरचा आकडा. "सोलापूर ते पुणे, पार्टीकडे सॅम्पल" एवढी एक ओळ पुरते.

४. हायब्रिड तुमच्या कामाची आहे का

"हायब्रिड" या नावाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण ती एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिड काही अंतर नुसत्या बॅटरीवर चालते आणि ब्रेक मारताना, उतारावर स्वतःच चार्ज होते. प्लग लावावा लागत नाही. तिचं मायलेज खरोखर जास्त आहे: हायरायडरचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. रस्त्यावर त्याहून कमी मिळेल.

तिचा फायदा थांबत-चालत जाण्यात आहे. नवी पेठ, सात रस्ता, एमआयडीसी, बँक, ट्रान्सपोर्ट, असं दिवसभर गावात फिरणाऱ्याचं पेट्रोल लक्षणीय वाचतं. सरळ पुणे हायवेला लागून एका वेगाने जाणाऱ्याला तेवढा फरक पडत नाही. महिन्याला हजारभर किलोमीटरही होत नसतील तर स्ट्राँग हायब्रिडसाठी मोजलेले जादा पैसे पेट्रोलमधून निघायला फार वर्षं लागतील. अशांनी साधी पेट्रोल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

टेस्ट ड्राइव्हला जाताना तुमचं सॅम्पलचं गाठोडं सोबत न्या. काही स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी डिकीखाली असते आणि जागा बरीच कमी होते. अनेक मॉडेलांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी सीटजवळ केबिनमधली हवा ओढणारी जाळी असते. ती कुठे आहे ते विचारा, बोट लावून बघा. टॉवेलचा तूस या जाळीच्या फिल्टरला हळूहळू चिकटतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅटरीला हवा कमी पडते. मागच्या सीटवर उघडे टॉवेल टाकून फिरणाऱ्यांनी दर सर्व्हिसिंगला हा फिल्टर साफ करून घ्यावा. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी किती ते लेखी घ्या. टोयोटा आणि होंडा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. हाय-व्होल्टेजचं काम येणारा मेकॅनिक सोलापूरच्या वर्कशॉपमध्ये आहे का, हेही विचारा.

५. सूट मागायची कशी

कागद एका फाइलमध्ये घेऊनच जा: उद्यम सर्टिफिकेट, जीएसटी सर्टिफिकेट, शॉप अ‍ॅक्ट, पॅन, आधार, मागच्या दोन-तीन वर्षांचे रिटर्न, करंट खात्याचं स्टेटमेंट, रद्द केलेला चेक. हे टेबलावर ठेवलं की बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं.

कोटेशन ओळीओळीने मागा. नुसता "ऑन-रोड" आकडा घेऊ नका. एक्स-शोरूम, कंपनीची रोख सूट, कॉर्पोरेट सूट, एक्स्चेंज बोनस, डीलरची स्वतःची सूट, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, अ‍ॅक्सेसरीज, टीसीएस (विक्रेता तुमच्याकडून घेऊन सरकारात भरतो तो आयकर), प्रत्येकाची वेगळी ओळ. दोन सवलती एकत्र मिळतात की एकच निवडायची, हे प्रत्येक योजनेत वेगळं असतं, तिथेच विचारा. "हँडलिंग चार्ज" नावाची ओळ दिसली तर ती काढायला लावा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून कोटेशन आणा, बहुतेकदा डीलर लगेच उतरतो. अ‍ॅक्सेसरीजच्या रूपात दिलेल्या सवलतीपेक्षा बिलात कमी झालेली रक्कम केव्हाही चांगली.

पुण्याच्या डीलरचंही कोटेशन मागवा. रोड टॅक्स राज्यभर सारखाच, त्यामुळे फरक दिसेल तो सवलतीचा. ते सोलापूरच्या डीलरसमोर ठेवा. फरक थोडाच राहिला तर गाडी इथेच घ्या, सर्व्हिसिंगला त्याच दारात जायचंय.

६. मुहूर्त आणि तारीख

पाडवा, दसरा, दिवाळीला गर्दी असते, सेल्समनला घाई नसते. पितृपंधरवड्यात शोरूम रिकामं असतं. बोलणी तेव्हा करा, बुकिंग पक्कं करा, डिलिव्हरी हवी तर घटस्थापनेला घ्या. डिसेंबर-जानेवारीत मागच्या वर्षी बनलेल्या गाड्यांवर मोठी सूट निघते, पण विकताना गाडीचं वय त्याच वर्षापासून मोजतात. पाच-सात वर्षं वापरणार असाल तरच ती घ्या.

घसाऱ्यासाठी आणखी एक तारीख लक्षात ठेवा. आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी निम्मा, म्हणजे साडेसात टक्केच घसारा मिळतो. पूर्ण हवा असेल तर ३ ऑक्टोबरपर्यंत गाडी रस्त्यावर हवी. दिवाळी पाडव्याची गाडी नेहमीच या तारखेनंतर येते. उलट, २०२६चा गुढीपाडवा १९ मार्चला आला. त्या दिवशी गाडी घेऊन वापरात आणणाऱ्याला दोन आठवडेही न होता संपत्या वर्षाचा निम्मा घसारा मिळाला.

७. पैसे आणि डिलिव्हरी

रोख देऊ नका. गाडीसाठी एका दिवसात दहा हजारांवर दिलेली रोख रक्कम घसाऱ्याच्या किमतीत धरत नाहीत. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस लागतो, १८ लाखांवर १८,०००. तो खर्च नाही, रिटर्नमध्ये करातून वजा होतो. बिलावर पॅन अचूक आहे ना बघा आणि काही महिन्यांनी आयकर पोर्टलवरच्या २६एएस तक्त्यात तो जमा दिसतोय का तपासा.

नोंदणीला कागद जाण्याआधी गाडी डोळ्यांनी बघा. चासी नंबर, बनल्याचा महिना, मीटर, टायर, काचा. नोंदणी झाली की गाडी बदलून मागणं जवळपास अशक्य होतं.

पुढे गाडी विकाल तेव्हासाठी खरेदीचं बिल आणि दरवर्षीचा घसाऱ्याचा तक्ता जपून ठेवा. जीएसटी नोंदणी असलेल्याने धंद्याची जुनी कार विकली, तर विक्रीची किंमत घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जितकी जास्त, तेवढ्याच फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. फरक नसेल तर काहीच नाही.