युरिएज एन्झाइम कसं काम करतं ते स्ट्रक्चरवरून कसं शोधायचं (एक नाही, तीन स्ट्रक्चर घ्या)

आमच्या यावल-रावेरकडे केळीला युरिया टाकला आणि पाणी द्यायला उशीर झाला की दोन-तीन दिवसांत बागेत उग्र वास सुटतो, तो अमोनिया. जमिनीतल्या बॅक्टेरियांचं युरिएज एन्झाइम युरिया फोडतं, मातीचा सामू तिथल्या तिथे वाढतो आणि ४६ टक्के नत्राच्या पोत्यातला बराच माल हवेत जातो. म्हणून मला हे एन्झाइम महत्त्वाचं वाटतं, आणि जळगाव-धुळ्याची जी पोरं-पोरी मायक्रो किंवा बायोकेम करतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, क्रिस्टल स्ट्रक्चर (एन्झाइमच्या क्रिस्टलवर एक्स-रे टाकून काढलेली अणूंची जागा) म्हणजे फोटो आहे, व्हिडिओ नाही. एका फोटोवरून कळतं कोण कुठे बसलंय, पण काम कसं होतं ते कळायला एकाच एन्झाइमचे वेगवेगळ्या क्षणांचे फोटो लागतात.

तर आरसीएसबी पीडीबीच्या (प्रोटीनच्या स्ट्रक्चरचा ऑनलाइन साठा) साइटवर जा, फुकट आहे, अकाउंट पण लागत नाही. स्पोरोसार्सिना पाश्चुरी या मातीतल्या बॅक्टेरियाचं युरिएज घ्या आणि तीन कोड इंग्रजीत टाइप करा: २यूबीपी (एन्झाइम मोकळं), ६क्यूडीवाय (युरिया बसलेला), ३यूबीपी (डायअमिडोफॉस्फेट नावाचा इनहिबिटर म्हणजे एन्झाइम अडवणारा रेणू बसलेला). कायमेरा-एक्स हे स्ट्रक्चर बघायचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना फुकट मिळतं, त्यात तिन्ही उघडून त्यातल्याच मॅचमेकर टूलने एकमेकांवर बसवा. लॅपटॉप नसेल तर साइटवरचा व्ह्यूअर मोबाइलवर पण चालतो, फक्त एका वेळी एकच बघा. आणि फाइल उघडल्यावर दिसतो तो पूर्ण एन्झाइम नाही, तिसरा हिस्सा आहे, असेंब्ली निवडली की तीन हिश्श्यांचं अख्खं रूप येतं.

आता सी चेनमध्ये (फाइलमध्ये C नाव दिलेली प्रोटीनची साखळी) निकेल शोधा. दोन निकेल अणू शेजारी-शेजारी, साधारण ३.७ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). दोघांना धरून ठेवणारा लायसिन २२० (साखळीतला २२० नंबरचा अमिनो आम्ल) नीट बघा, तो साधा लायसिन नाही, त्याच्या टोकाला कार्बन डायऑक्साइड जोडला गेलाय, फाइलमध्ये त्याचं नाव पण वेगळं येतं (केसीएक्स), म्हणून बरेच जण लायसिन शोधतात आणि सापडत नाही म्हणून सोडून देतात. दोन निकेलच्या मधे पूल करून एक ऑक्सिजन बसलेला असतो, सगळा खेळ त्याचाच, युरियावर हल्ला तोच करतो.

६क्यूडीवायमध्ये युरिया दिसतो तो कसा? एन्झाइम तर त्याला क्षणात फोडतं. इथे डोकं असं लावलंय की पुलाच्या जागी फ्लोराइड बसवलंय, त्यामुळे हल्ला करणारा गायब आणि युरिया तसाच अडकून राहिला. त्याचा ऑक्सिजन एका निकेलला आणि एक नायट्रोजन दुसऱ्या निकेलला चिकटलेला दिसेल. आता मनात फ्लोराइड काढून तिथे हायड्रॉक्साइड ठेवा, युरियाचा कार्बन त्याच्या अगदी समोर येतो. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी रात्री दोन वाजेपर्यंत तेच फिरवून बघत होतो.

मग सिस्टीन ३२२ आणि हिस्टिडिन ३२३ सिलेक्ट करा. हे दोघे एका झाकणावर बसलेत. २यूबीपीत झाकण उघडं, ३यूबीपीत बंद. हिस्टिडिनपासून निकेलपर्यंतचं अंतर दोन्हीत स्वतः मोजून वहीत लिहा, किती सरकलं ते आकड्यातच बघायला पाहिजे. पण सरकलं म्हणून कामाचं असं लगेच ठरवायचं नाही, म्युटेशनचे (एखादा अमिनो आम्ल मुद्दाम बदलून बघितल्याचे) पेपर पण बघा. क्लेब्सिएला या दुसऱ्या बॅक्टेरियाच्या युरिएजमध्ये झाकणावरचा सिस्टीन बदलला तरी एन्झाइम पूर्ण मरत नाही, हिस्टिडिन बदलला की पार बसतं. म्हणजे हिस्टिडिनचा वाटा मोठा. फक्त लक्षात ठेवा, क्लेब्सिएलात नंबर ३१९ आणि ३२० आहेत, नंबर जसेच्या तसे उचलले की फसाल.

दोन गोष्टींवर माझा फार जोर आहे. एक, इलेक्ट्रॉन डेन्सिटी (एक्स-रेने खरोखर मोजलेला इलेक्ट्रॉनचा नकाशा) चालू करून बघा, मॉडेलमध्ये अणू काढलाय म्हणजे तिथे पुरावा आहेच असं नसतं, खास करून हलणाऱ्या झाकणाजवळ. दोन, एक्स-रेला हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पुलावर पाणी आहे की हायड्रॉक्साइड हे नुसतं चित्रात दिसत नाही, अंतर आणि सामू बघून ठरवलेलं असतं.

जाता जाता, १९२६ मध्ये सम्नर या शास्त्रज्ञाने अबईच्या जातभाईतून म्हणजे जॅक बीनमधून युरिएजचेच क्रिस्टल काढले होते, एन्झाइमचे जगातले पहिले, १९४६ चं नोबेल त्यावर. निकेलचा तेव्हा पत्ताच नव्हता, आणि बॅक्टेरियाच्या युरिएजचं पूर्ण स्ट्रक्चर यायला १९९५ उजाडलं.

एवढं झालं की चौथा कोड टाका, ५ओएल४. युरिएज अडवायला युरियावर लावतात त्या एनबीपीटी या रसायनापासून तयार झालेला तुकडा त्याच दोन निकेलवर बसलाय. कुठल्या अणूने कुठला निकेल धरलाय ते मोजा आणि ६क्यूडीवायमधल्या युरियाच्या जागेशी ताडून बघा.