गावातल्या जुन्या रेल्वे स्थानकाचा इतिहास कसा शोधावा

लहान गावातील स्थानकाचा शोध घेताना सर्वाधिक होणारी चूक म्हणजे रेल्वेमार्ग सुरू झाल्याचे वर्ष हेच इमारतीचेही वर्ष मानणे. गाडी आधी आली आणि पक्की इमारत कित्येक वर्षांनी उभी राहिली, असे घडू शकते. म्हणून मार्ग, इमारत आणि नामफलक यांची वये वेगवेगळी शोधावीत.

आरंभ मूळ कंपनीपासून करावा, कारण जुने कागद कंपनीच्याच नावाने सापडतात. मध्य रेल्वे १९५१ साली स्थापन झाली. त्याआधी तिचे मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, निजामाची रेल्वे अशा निरनिराळ्या संस्थांकडे होते, तर १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे सरकारने १९५४ मध्ये विकत घेतली. कंपनी कळली की मुंबई इलाख्याचे जिल्हा गॅझेटियर, जुनी वेळापत्रके आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातील कागद पाहावेत. गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग तेव्हा वेगळे असू शकते, त्यामुळे एकाच स्पेलिंगवर शोध थांबवू नये.

त्यानंतर स्टेशन मास्तरांची परवानगी घेऊन इमारत बारकाईने पाहावी, आणि माझ्या मते खरा आनंद इथेच आहे. छपराच्या किंवा कुंपणाच्या खांबांसाठी अनेकदा जुने रूळ वापरलेले असतात आणि त्यांच्या अंगावर कारखान्याचे नाव व वर्ष उठावाच्या अक्षरांत असते. हे वर्ष रूळ घडवल्याचे असते. रूळ आधी मार्गावर झिजून मग खांब झालेला असू शकतो, म्हणजे बांधकाम त्या वर्षाच्या आधीचे नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते. मंगलोरी कौलांवरही कारखान्याचा ठसा असतो, मात्र कौले बदलली जातात, तेव्हा एकाच कौलावर निष्कर्ष काढू नये.

नामफलक पुन्हापुन्हा रंगवला जातो. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतल्यास नव्या रंगाखालची जुनी अक्षरे कधीकधी उठून दिसतात. समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत लिहिलेली असेल, तर तो मजकूर मेट्रिक मापे रूढ होण्यापूर्वीचा असण्याची शक्यता मोठी, कारण त्या मापांचा कायदा १९५६ चा आहे. पुठ्ठ्याची जुनी तिकिटे कोणाच्या घरी सापडली, तर त्यांवर स्थानकाचे छापील नाव आणि यंत्राने उमटवलेली तारीख एकत्र मिळते. ती फलकाच्या छायाचित्राशेजारी ठेवून नावातील बदल कोणत्या काळात झाला, ते ठरवावे.